गाडी वजा जाता

युरोपातली फॉर्म्युला वनची शर्यत आपल्याकडे बहुतेकदा संध्याकाळी साडेसहाला सुरू होते. कोथरूडच्या आमच्या घरात तेव्हा देवापुढे दिवा लागतो आणि टीव्हीवर पाच लाल दिवे एकेक करून पेटतात. ते पाच विझले की पुढचे दोन तास घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. बोलणं सुरू होतं शर्यत संपल्यावर, आणि मग वाढलेली ताटं गार झाली तरी ते थांबत नाही.

वाद बहुतेक वेळा माझा आणि भाच्याचा. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, कॉलेजच्या फॉर्म्युला स्टुडंट संघात, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेत. मी वाहन कारखान्याच्या चाचणी विभागातून निवृत्त झालेला. त्याचा सिद्धांत एका वाक्यात मावतो: "मामा, गाडी कुणाला कुठली मिळाली ते सोडून दे. टीममेटला हरवतो का, एवढंच बघायचं." प्रत्येक संघाच्या दोन गाड्या, दोन ड्रायव्हर; त्यातला दुसरा तो टीममेट. पुरावाही तयार असतो. २०२३ साली रेड बुल संघानं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. त्यातल्या १९ वर्स्टापननं, दोन त्याच्या टीममेटनं, पेरेझनं. गुण ५७५ आणि २८५. गाडी तीच, संघ तोच, पैसा तोच. मग फरक कुणाचा? माणसाचाच.

ऐकायला हे बिनतोड वाटतं. मला ते निम्म्याहून जास्त चूक वाटतं.

आधी त्याची बाजू नीट मांडतो, नाहीतर "मामानं सोयीचं तेवढं लिहिलं" असं ऐकून घ्यावं लागेल. क्रिकेटमध्ये खेळपट्टी दोन्ही संघांना एकच असते. फॉर्म्युला वनमध्ये प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः बांधतो, म्हणजे जो तो आपली खेळपट्टी काखोटीला मारूनच मैदानात येतो. त्यामुळे फेरारीचा ड्रायव्हर विल्यम्सच्या ड्रायव्हरच्या पुढे आला, यातून त्या दोघांबद्दल फारसं काही कळत नाही. कळलंच तर एकाच संघाच्या दोन गाड्यांतल्या दोघांबद्दल. दुसरी मोजपट्टी नाही, म्हणून ही.

गाडीमुळे किती फरक पडतो, हे पाहायला डिसेंबर २०२० मधली बहारीनमधल्या साखीरची शर्यत आठवावी. मर्सिडीजच्या विश्वविजेत्या हॅमिल्टनला कोविड झाला, आणि संघानं विल्यम्सकडून जॉर्ज रसेलला उचलून आणलं. उंच पोरगा, हॅमिल्टनच्या मापाच्या कॉकपिटमध्ये मावेना, म्हणून एक नंबर लहान बूट घालून बसला. विल्यम्समध्ये जवळजवळ दोन हंगाम काढून त्याच्या नावावर एकही गुण नव्हता. इथे पात्रता फेरीत, म्हणजे सुटण्याचा क्रम ठरवणाऱ्या फेरीत, तो टीममेट बोटासच्या मागे राहिला तो फक्त ०.०२६ सेकंदानं. शर्यतीत पहिल्याच वळणावर तो पुढे गेला आणि पुढेच राहिला. मग पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या थांब्यावर, संघानं गोंधळ घालून त्याला बोटासचे टायर लावले, नंतर टायरची हवा गेली, आणि तो नववा आला. पण ज्याला बघायचं होतं त्यानं बघितलं. आठवडाभरात रसेल काही दुसरा माणूस झाला नव्हता. त्याच्याखालची गाडी बदलली होती.

त्याच रात्री अर्ध्या जगानं हॅमिल्टनच्या सात विजेतेपदांतली हवा काढून टाकली: बघा, कुणालाही बसवा, जिंकतो. या वाक्यात किती दम आहे ते तपासायची सोय पुढे झाली. २०२२ ते २०२४ अशी तीन वर्षं हे दोघे एकाच संघात होते. तीन वर्षांची बेरीज केली तर हॅमिल्टन ६९७, रसेल ६९५. दोन गुणांचा फरक! भाच्याची मोजपट्टी लावली तर दोघे एकाच वजनाचे निघतात. पण हॅमिल्टन तेव्हा चाळिशीकडे चाललेला आणि रसेल पंचविशीतला, ही गोष्ट त्या बेरजेत कुठे लिहायची?

मोजपट्टीची खरी गंमत दिसते ती पट्ट्या एकमेकींना जोडल्या की. एका रविवारी मी पाठकोऱ्या कागदावर हा हिशेब मांडला. सात वेळचा विजेता शूमाकर २०१० मध्ये निवृत्तीतून परत आला, तीन वर्षं मर्सिडीज चालवली, आणि तिन्ही वर्षं टीममेट रोसबर्गनं त्याला मागे टाकलं. म्हणजे रोसबर्ग शूमाकरपेक्षा भारी. पुढे रोसबर्गला हॅमिल्टननं चारपैकी तीन वर्षं हरवलं. म्हणजे हॅमिल्टन रोसबर्गपेक्षा भारी. त्याआधी मॅक्लारेनमध्ये २०१० ते २०१२ या तीन वर्षांची बेरीज बटन ६७२ आणि हॅमिल्टन ६५७. म्हणजे बटन हॅमिल्टनपेक्षा भारी. आणि बटनला २००१ साली बेनेटनमध्ये फिसिकेलानं आठ विरुद्ध दोन अशा गुणांनी हरवलं होतं. थोडक्यात, जगातला सर्वश्रेष्ठ ड्रायव्हर जांकार्लो फिसिकेला. साऱ्या कारकिर्दीत विजय तीन! आपल्याकडे त्याची आठवण निघते ती २००९ साली बेल्जियममधल्या स्पाला भारतीय मालकीच्या फोर्स इंडिया संघाची गाडी पोलवर, म्हणजे सुटण्याच्या पहिल्या जागेवर, लावून दुसरा आला म्हणून. त्याच्याबद्दल मला आदर आहे, पण गणितानं त्याला ज्या सिंहासनावर बसवलं तिथे तो स्वतःही बसणार नाही. शिवाय रेनॉमध्ये आलोन्सोनं याच फिसिकेलाला दोन वर्षं धुतलं, आणि त्या आलोन्सोचे आणि हॅमिल्टनचे २००७ मध्ये एकाच संघात बरोबर १०९-१०९ गुण झाले. साखळी फिरून स्वतःचीच शेपटी गिळते.

"हे चीटिंग आहे," भाचा म्हणाला. "शूमाकर तेव्हा म्हातारा होता, बटनच्या वेळी टायर वेगळे होते..." बरोबर. मग तेच तर मी म्हणतोय. एका वर्षाची, एका गाडीतली तुलना त्या वर्षापुरती आणि त्या गाडीपुरतीच खरी. ती तिथून उचलून दुसरीकडे लावली की मापं चुकतात.

का चुकतात, हे मला कारखान्यात कळलं. आमच्याकडे एकाच टेम्पोवर दोन चाचणी-ड्रायव्हर असायचे. कात्रजचा घाट तोच, वजनाला ठेवलेली वाळूची पोती तीच. एक परत येऊन लिहायचा, क्लच जड आहे. दुसरा लिहायचा, क्लच उत्तम. दोघंही खरं बोलत. एक इंजिनाला ओरडू देऊन वरचा गिअर टाकणारा, दुसरा आवाज बदलण्याआधीच हात हलवणारा. पुढे व्हायचं काय, की ज्याचा शब्द साहेबांकडे चालायचा त्याच्या शेऱ्याप्रमाणे गाडी बदलली जायची. सहा महिन्यांनी ती त्याच्या हाताला मोज्यासारखी बसायची, आणि दुसरा म्हणायचा, आता ही मला ऐकत नाही. कागदावर मात्र दोघांकडे एकच टेम्पो होता.

रेड बुलचं हेच झालं, फक्त ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगानं. वर्स्टापनला पुढची चाकं झटक्यात वळणात चावणारी लागतात, मागची जरा सुटली तरी तो सांभाळतो. गाडी हळूहळू त्या दिशेनं घडत गेली. शेजारच्या गाडीत गॅसली बसला, अल्बन बसला, पेरेझ बसला, २०२५ मध्ये लॉसन तर दोनच शर्यती बसला, मग सुनोडा. सगळ्यांचा निकाल तोच. हे सगळे फडतूस होते का? रेड बुलनं २०१९ मध्ये हंगामाच्या मध्येच धाकट्या संघात परत पाठवलेला गॅसली पुढच्याच वर्षी त्या संघाच्या गाडीत मोंझा जिंकला. मग पेरेझच्या २८५ गुणांतून नेमकं काय सिद्ध होतं? एक माणूस एका विशिष्ट गाडीत अफाट आहे, आणि ती गाडी दुसऱ्या कुणाची नाही, एवढंच. तेही थोडं नाही. पण भाचा जे म्हणतो ते हे नव्हे.

वर्स्टापनला मी मोठा मानतो, पण २०२३ च्या १९ विजयांमुळे नाही. २०२४ मधल्या ब्राझीलमुळे. रेड बुल तोवर सगळ्यांत वेगवान राहिली नव्हती, जूनपासून त्याच्या खात्यात विजय नव्हता, इंटरलागोसला तो १७ व्या जागेवरून सुटला, पाऊस कोसळत होता, आणि तो जिंकला. पावसात गाडीचं कौतुक निम्मं धुऊन जातं. उरतो तो माणूस.

मंचर-खेडकडे बैलगाड्यांच्या शर्यती बघायला गेलेल्यांना हा सगळा वाद उलटा वाटेल. तिथे बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, झाली की घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, नाव पुकारलं जातं ते बैलाचं आणि गाडामालकाचं. पोस्टर बैलाचं, गुलाल बैलाला. "घाटाचा राजा" म्हणजे माणूस नव्हे. ज्याच्याकडे एकच बैल असेल तो दुसऱ्याचा बैल घेऊन पैरा करतो, आणि जोडी जुळली नाही तर दोन्ही बैल चांगले असूनही गाडा रेंगाळतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यावर कुणी "कोणता बैल श्रेष्ठ" असा तक्ता करत बसत नाही. २०१४ मध्ये बंद झालेल्या या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं २०२१ च्या शेवटी परत सुरू झाल्या, तेव्हा लोक विचारत होते ते बैलं कुणाची म्हणून. आपण शहरातले, टीव्हीसमोर बसणारे, यंत्राला शून्य मानून सगळं माणसाच्या नावावर करतो. ते जनावराला सगळं देतात. मला विचाराल तर ते सत्याच्या थोडे जास्त जवळ आहेत.

शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फॉर्म्युला वनच्या सगळ्या निकालांवर संख्याशास्त्र चालवून पाहिलं होतं. त्यांनाही संघाचा वाटा ड्रायव्हरपेक्षा कितीतरी मोठा आढळला, आणि तो काळाबरोबर वाढत गेला. शहरी रस्त्यांवरच्या आणि ओल्या शर्यतींत मात्र ड्रायव्हर जास्त दिसतो. त्यांच्या यादीत पहिला पन्नासच्या दशकातला फांजिओ, दुसरा ऐंशीच्या दशकातला प्रोस्ट. आणि बराच वर ख्रिश्चन फिटिपाल्डी, जो कधी पहिल्या तिघांत आला नाही. दुबळ्या गाडीतून जोडीदाराच्या पुढे राहिल्यामुळे गणितानं त्याला वर उचललं. फिसिकेलाचाच भाऊ हा.

टीममेटच्या तुलनेतलं सगळ्यांत गाजलेलं वर्ष १९८८. मॅक्लारेननं १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या, ब्राझीलच्या आयर्टन सेनानं आठ, प्रोस्टनं सात. त्या वर्षी प्रोस्टचे एकूण गुण १०५ झाले, सेनाचे ९४. विजेता सेना. कारण नियम असा होता की उत्तम ११ निकालच धरायचे, आणि तसे धरल्यावर सेना ९०, प्रोस्ट ८७. आता सांगा, कोण भारी? मोनाकोच्या पात्रता फेरीत सेनानं त्याच गाडीत प्रोस्टपेक्षा १.४ सेकंद कमी घेतले. या खेळात १.४ सेकंद म्हणजे काय, तर साखीरला रसेल आणि बोटासमध्ये होता त्याच्या पन्नासपटीहून जास्त. शर्यतीतही तो खूप पुढे होता. मग शेवटाकडे, पाठीवर कुणी नसताना, पोर्टिएच्या वळणावर त्यानं गाडी कठड्याला लावली आणि घरी निघून गेला. शर्यत प्रोस्टनं जिंकली. एक माणूस त्या दिवशी जगात सगळ्यांत वेगवान होता आणि दुसरा त्या दिवशी जिंकला. भाचा सेनाचा भक्त. मी प्रोस्टचा. आमच्या घरात हे आडनावासारखं झालंय, बदलत नाही.

मी प्रोस्टचा का? तो गाडीला जपायचा, शुक्रवारपासून ती रविवारसाठी तयार करायचा. आणि इथे माझा मुद्दा येतो. गाडी वजा करून माणूस काढायचा हा सगळा खटाटोपच मला पटत नाही, कारण ही वजाबाकी नाही. गाडी आणि माणूस यांचा गुणाकार असतो. शिवाय मोठे ड्रायव्हर गाडी फक्त चालवत नाहीत, ती मिळवतात आणि घडवतात. ते कसब श्रेष्ठत्वातून का काढून टाकायचं?

फांजिओनं पाच विजेतेपदं मिळवली ती चार कंपन्यांच्या गाड्यांत: अल्फा रोमिओ, मासेराती, मर्सिडीज, फेरारी. ५१ शर्यतींत २४ विजय. टीकाकार म्हणतात, तो दरवेळी सर्वोत्तम गाडी हेरून तिथे जायचा. हो, जायचा! बाकीच्यांना कुणी अडवलं होतं? आणि १९५७ मध्ये जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगवर, सेहेचाळिसाव्या वर्षी, लांबलेल्या पिटस्टॉपनंतर त्यानं दोन फेरारी गाठल्या, तेव्हा एक फेरी स्वतःच्याच पात्रतेच्या वेळेपेक्षा आठ सेकंदांनी लवकर मारली. ते काही हेरून मिळत नाही. टीममेटची गोष्ट काढाल तर १९५६ ची मोंझा बघा. फांजिओची गाडी मोडली, आणि स्वतःलाही विजेतेपदाची संधी असताना टीममेट पीटर कॉलिन्सनं पिटमध्ये येऊन आपली गाडी त्याला दिली. फांजिओ विश्वविजेता झाला. हा हिशेब कुठल्या रकान्यात घालायचा?

शूमाकर १९९६ मध्ये फेरारीत गेला तेव्हा फेरारीच्या ड्रायव्हरला १९७९ नंतर विजेतेपद मिळालेलं नव्हतं. गाडी वाईट होती. त्या वर्षी त्यानं बार्सिलोनाच्या पावसात तिच्यातून शर्यत जिंकून दाखवली, मग बेनेटनमधले ब्रॉन आणि बर्न हे तंत्रज्ञ त्याच्यामागे आले, आणि २००० पासून सलग पाच विजेतेपदं. आता म्हणा, फेरारी चांगली होती म्हणून तो जिंकला. चांगली झाली कुणामुळे? एकट्या त्याच्यामुळे नाही, पण त्याच्याशिवायही नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रियात संघाच्या हुकमावरून टीममेट बारिकेलोनं शेवटच्या क्षणी त्याला पुढे सोडलं, ते मला आजही खुपतं. दुसऱ्याचे हात बांधून मिळवलेली आकडेवारी आकडेवारी नसते. पण १९९६ ते ९९ या चार वर्षांत फेरारी घडली ती कुणाचे हात बांधून नव्हे.

आलोन्सो याच्या उलट. हातात बहुधा दोघातिघांनाच असते तशी कला, पण दरवेळी चुकीच्या स्टेशनवर उतरला. २०१५ मध्ये मॅक्लारेन-होंडात गेला आणि जपानमध्ये, होंडाच्या घरच्या मैदानावर, रेडिओवर त्या इंजिनाला "जीपी टू इंजिन", म्हणजे खालच्या श्रेणीच्या शर्यतीचं इंजिन, म्हणून मोकळा झाला. त्याच होंडाच्या इंजिनावर पुढे वर्स्टापन विश्वविजेता झाला. नशीब? थोडं. पण घर जाळून निघायची सवयही थोडी.

आणि मग मॉस. इथे माझाच युक्तिवाद माझ्या घशात अडकतो. स्टर्लिंग मॉस चार वर्षं ओळीनं दुसरा आला, विजेता कधीच नाही. शक्यतो ब्रिटिश गाडी चालवायची ही त्याची हौस, म्हणजे माझ्या हिशेबानं गाडी निवडण्यात तो कमी पडला. १९५८ मध्ये विजेतेपदाच्या शर्यतीतला प्रतिस्पर्धी हॉथॉर्न याला पोर्तुगालच्या शर्यतीतून बाद करायचं ठरत होतं, तेव्हा मॉसनंच अधिकाऱ्यांपुढे त्याच्या बाजूनं साक्ष दिली. हॉथॉर्नचे गुण वाचले, आणि मॉस विजेतेपद एका गुणानं हरला, चार विजय विरुद्ध एक. माझ्या नियमानं त्याला खाली ढकलावं लागतं. मी ढकलत नाही. भाचा याला दुटप्पीपणा म्हणतो आणि त्याच्याशी भांडायला माझ्याकडे काही नाही.

हे सगळं घरच्या वादापुरतं असतं तर लिहायला बसलो नसतो. पण श्रेय कुणाचं, हा प्रश्न आपण रोज सोडवतो आणि रोज सोयीनं सोडवतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की पुण्याच्या चौकाचौकात क्लासचे फ्लेक्स लागतात, पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो लावून. तिथे क्लास म्हणतो, गाडी आमची. नापास झालेल्यांचे फोटो कुठेच नसतात. तिथे ड्रायव्हर वाईट!

नारायण कार्तिकेयनच्या बाबतीत आपण हेच केलं. कोइमतूरचा हा मुलगा २००५ मध्ये जॉर्डनमधून फॉर्म्युला वनमध्ये आला, पहिला भारतीय. इंडियानापोलिसला मिशेलिन टायरच्या घोळामुळे सहाच गाड्या धावल्या. त्याचा टीममेट माँतेरो तिसरा, हा चौथा, पाच गुण. आमच्या कँटीनमध्ये त्यावरही नाक मुरडलं गेलं: सहांत चौथा! २०११ आणि १२ मध्ये तो एचआरटी या तळाच्या संघात होता. ऑस्ट्रेलियात दोन्ही वर्षी त्या संघाच्या दोन्ही गाड्यांना १०७ टक्क्यांची पात्रतेची मर्यादाही, म्हणजे सर्वांत वेगवान वेळेच्या सात टक्के पलीकडची, गाठता आली नाही. दोन्ही गाड्या, म्हणजे त्याचा टीममेटसुद्धा. पण आपल्याकडचा शेरा एकच: "शेवटचा आला." अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांपासून ट्रकपर्यंत सगळं बनवणाऱ्या या पिंपरी-चाकणच्या पट्ट्यातल्या लोकांनी तरी आधी विचारायला हवं होतं, गाडी कसली होती?

याच्या अगदी उलट चित्र त्याच देशात, ऑक्टोबर २०१३ मध्ये. ग्रेटर नोएडाला रेड बुलच्या व्हेटलनं शर्यत आणि सलग चौथं विजेतेपद एकाच दिवशी मिळवलं. सरळ रस्त्यावर गोल गोल गिरक्या घेतल्या, खाली उतरला, आणि गाडीपुढे गुडघे टेकून वाकला. नियम मोडला म्हणून संघाला २५ हजार युरोंचा दंड झाला. मी टीव्हीपुढे बसून म्हटलं, अरे, हा तर दसरा! झेंडूची माळ तेवढी राहिली. पुढच्या वर्षी नियम बदलले, गाडी बदलली, आणि नव्या टीममेट रिकार्डोनं त्याला २३८ विरुद्ध १६७ असं मागे टाकलं. तेव्हापासून लोक म्हणतात, बघा, सगळी गाडीच होती. ज्या माणसानं ही गोष्ट एक वर्ष आधी साऱ्या जगासमोर गुडघे टेकून सांगितली होती, त्यालाच ती ऐकवायची!

परवा भाचा संघाची गाडी चालवून आला. हाताला ग्रीस, मान आखडलेली. त्यांच्या स्पर्धेत २२ किलोमीटरची एंड्युरन्स असते आणि मध्ये ड्रायव्हर बदलावाच लागतो, त्याची तालीम होती. गाडी एक, माणसं दोन, अंतर निम्मं निम्मं. याहून चोख तुलना कुठे मिळणार? मी विचारलं, "मग? तू वेगवान की तो?"

"तो," भाचा म्हणाला. "पण मामा, मला गाडी मिळाली तेव्हा त्यानं ब्रेक तापवून ठेवले होते, टायर खाऊन टाकले होते. कशी करणार तुलना?"

मी काही बोललो नाही. त्याच्या कपात चहा ओतला.